दक्षिण सातारा : एका लुप्त जिल्ह्याची हकीकत

कोणत्याही ज्ञातीचा इतिहास ती ज्या भूमीत नांदली त्या भूमीच्या इतिहासापासून वेगळा काढता येत नाही. आपल्या शिंपी समाजापुरते बोलावयाचे तर आपले बांधव कृष्णाकाठच्या प्रत्येक बाजारगावी आणि माणदेशाच्या प्रत्येक जत्रेत सुई-दोरा घेऊन पिढ्यान्‌पिढ्या बसत आले. त्यांचे अंमलदार बदलले, तालुके बदलले, जिल्ह्याची नावे बदलली; बाजाराचा वार मात्र बदलला नाही. वार्षिक स्मरणिकेसाठी काही लिहावे अशी संपादक मंडळाची आज्ञा झाली तेव्हा या बदलत्या नावांचीच हकीकत सांगावी असे मनात आले. प्रस्तुत लेखक हा काही इतिहाससंशोधक नव्हे. गावोगावच्या शाळांतून मुलांना भूगोलाचा नकाशा शिकविलेला एक शिक्षक आहे. उणे असेल ते जाणकारांनी सांभाळून घ्यावे.

हा विषय निवडण्यास एक निमित्तही घडले. माझ्या चुलत बंधूंची नात महाविद्यालयीन प्रवेशासाठी जातीच्या दाखल्याची पडताळणी करावयास गेली. घराणे मूळचे आटपाडीचे. तिने पूर्वजांचे तीन कागद जोडले होते. पहिला पणजोबांच्या वेळचा, त्यावर ‘संस्थान औंध’ असे लिहिलेले. दुसरा आजोबांच्या शाळाप्रवेशाचा, १९५२ सालचा, त्यावर ‘जि. द. सातारा’ अशी अक्षरे. तिसरा आजोबांच्या धाकट्या भावाचा, १९६८ सालचा, त्यावर ‘जि. सांगली’. तेथील तरुण कारकुनाने कागद उलटसुलट करून पाहिले आणि तो म्हणाला, “तीन कागद तीन ठिकाणचे आहेत. एकच घराणे म्हणून कसे धरावे? आणि दक्षिण सातारा नावाचा जिल्हाच नाही.” मुलगी रडवेली होऊन माझ्याकडे आली. “आजोबा, आपण नक्की कुठले?” असे तिने विचारले. या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात देता येईना, म्हणून हा लेख.

भूमीचे स्वरूप

प्रथम भूमी पाहू. कारण राजे व अंमलदार येतात आणि जातात, डोंगर व नद्या राहतात. सह्याद्रीच्या माथ्यावर महाबळेश्वरी कृष्णामाई उगम पावते. वाईवरून ती खाली उतरते, माहुलीस वेण्णेला पोटात घेते, कऱ्हाडास प्रीतिसंगमावर कोयनेला भेटते आणि पुढे वाळवा, भिलवडी, औदुंबर अशी काठावरची गावे भिजवीत सांगलीस पोहोचते. सांगलीजवळ हरिपूर येथे वारणा तिला मिळते. पूर्वेकडून येरळा येते. खटाव तालुक्यातून निघालेली ही नदी वडुजावरून खानापूर व तासगावच्या मुलखातून वाहत ब्रह्मनाळजवळ कृष्णेत मिसळते. म्हणजे आजच्या सातारा जिल्ह्याचे पाणी सांगली जिल्ह्यातून वाहते. नद्यांनी हे दोन मुलूख कधीच वेगळे मानले नाहीत.

पावसाचे मात्र तसे नाही. महाबळेश्वरास दोनशे इंचांहून अधिक पाऊस कोसळतो, तर माण, आटपाडी व जत या भागांत वीस इंचांच्या आसपास पडला तरी शेतकरी देवाचे आभार मानतो. एकाच जुन्या जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला भात, मध्ये ऊस, हळद व शाळू आणि पूर्व टोकाला बाजरी व मेंढरे, असा हा तिपेडी मुलूख होय. महादेवाच्या डोंगररांगेपलीकडचे पाणी माणगंगेतून भीमेकडे जाते. अलीकडचे कृष्णेला मिळते. कृष्णाकाठचा मनुष्य स्थिरावला आणि माणदेशचा मनुष्य पोटासाठी बाहेर पडला याचे मूळ या पर्जन्यमानात आहे. आपल्या समाजातही हाच भेद दिसतो. कऱ्हाड, इस्लामपूर, तासगाव येथील आपली घरे दुकानदारीत स्थिर झाली. आटपाडी-खरसुंडीकडील घरांतून मात्र निम्मी माणसे मुंबईच्या गिरणगावाकडे गेली.

छत्रपतींची राजधानी ते इंग्रजी जिल्हा

या मुलखाची प्राचीनता मोठी आहे. कऱ्हाडचे नाव भारहूतच्या स्तूपावरील दानलेखांत आढळते आणि कऱ्हाडजवळ आगाशिवाच्या डोंगरात बौद्ध लेणी आहेत. पुढे शिलाहार, यादव, बहामनी व विजापूरचे आदिलशहा असे अंमल येथे झाले. स्वराज्याच्या कालखंडात या प्रदेशाला जे महत्त्व आले ते सर्वांस ठाऊक आहे. १७०८ साली शाहू महाराजांना राज्याभिषेक झाला तो साताऱ्यास. तेव्हापासून सातारा ही मराठी राज्याची गादी ठरली आणि आसपासच्या मुलखाला तिचेच नाव चिकटले.

१८१८ साली पेशवाई बुडाली. इंग्रजांनी छत्रपती प्रतापसिंह महाराजांना साताऱ्याच्या गादीवर ठेवले आणि १८१९ साली त्यांच्याशी तह केला. ‘मराठ्यांचा इतिहास’ लिहिणारा ग्रँट डफ हाच त्या वेळी तेथे इंग्रजांचा प्रतिनिधी होता. प्रतापसिंह महाराज विद्येचे भोक्ते व स्वाभिमानी. तेच इंग्रजांस खुपले. १८३९ साली त्यांना पदच्युत करून काशीस पाठविण्यात आले. त्यांची दाद लावण्यासाठी रंगो बापूजी गुप्ते विलायतेस गेले आणि तेथे वर्षानुवर्षे झगडले. महाराज १८४७ साली काशीस वारले. त्यांचे बंधू शहाजी उर्फ अप्पासाहेब १८४८ साली निवर्तले, तेव्हा दत्तक नामंजूर करून डलहौसीने राज्य खालसा केले. त्याच सुमारास तासगावची पटवर्धनी जहागीरही खालसा झाली. अशा रीतीने इंग्रजी सातारा जिल्हा अस्तित्वात आला.

या जुन्या सातारा जिल्ह्यात अकरा तालुके होते : सातारा, जावळी, वाई, कोरेगाव, माण, खटाव, कऱ्हाड, पाटण, खानापूर, तासगाव व वाळवा. खानापूर तालुक्याचे ठाणे विट्यास व वाळव्याचे इस्लामपुरास असे. शिराळा हा वाळव्याचा पेटा होता. नावांची गंमत अशी की या इस्लामपुराचे नावही ईश्वरपूर करण्याचा निर्णय शासनाने २०२५ साली जाहीर केला. उद्याच्या पिढीस त्याचाही खुलासा कोणी तरी करावा लागेल.

१९०१ च्या खानेसुमारीत या जिल्ह्याची वस्ती ११,४६,५५९ भरली. क्षेत्रफळ सुमारे ४,८२५ चौरस मैल. आधीच्या दहा वर्षांत वस्ती वाढण्याऐवजी शेकडा सहाच्या आसपास घटली होती. १८९६-९७ चा दुष्काळ, १८९९-१९०० चा छप्पनचा दुष्काळ आणि त्यांच्या जोडीला आलेली प्लेगची साथ यांनी गावेच्या गावे ओसाड केली. वडीलधाऱ्या मंडळींच्या तोंडी ‘प्लेगात घर उठले’ हा शब्दप्रयोग असे, त्यामागे हा आकडा उभा आहे. आपली वंशावळ चार पिढ्यांमागे का थांबते असे तरुण विचारतात. पुष्कळ घरांत ती तेथेच थांबली, कारण सांगणारा कोणी उरला नाही.

ठिगळांचा मुलूख

परंतु जिल्ह्याचा नकाशा म्हणजे सलग कापड नव्हते. ते ठिगळांचे काम होते. आपल्या धंद्याचा शब्द येथे चपखल बसतो म्हणून वापरला. इंग्रजी मुलखाच्या मधूनमधून संस्थानांचे तुकडे शिवलेले होते. औंधचे पंतप्रतिनिधी, फलटणचे नाईक निंबाळकर, जतचे डफळे आणि सांगली, मिरज, कुरुंदवाड येथील पटवर्धन अशी ही मंडळी. जतजवळचे डफळापूर हे लहान संस्थान १९१७ साली जतेत सामील झाले.

पटवर्धनांचा उदय पेशव्यांच्या काळातला. थोरल्या माधवरावांच्या अमदानीत, १७६१ साली, गोविंद हरी पटवर्धनांस मिरजेचा किल्ला व सरंजाम मिळाला. पुढे घरात फूट पडून १८०१ साली चिंतामणराव अप्पासाहेब सांगलीस वेगळे झाले. तोवर सांगली हे कृष्णाकाठचे एक सामान्य गाव होते. चिंतामणरावांनी किल्ला बांधला, गणपतीचे देवालय उभारले, पेठा वसविल्या. त्यांच्याच आश्रयाने १८४३ साली विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ नाटकाचा प्रयोग केला आणि मराठी रंगभूमीचा पाया सांगलीस घातला गेला. नाटक म्हटले की पोशाख आले आणि पोशाख म्हटले की शिवणारा आला. रंगभूमीच्या इतिहासात ज्यांची नावे कोठेही नाहीत अशा कारागिरांनाही या स्थळी वंदन करावेसे वाटते.

मिरजेचेही पुढे थोरली पाती व धाकटी पाती असे दोन भाग झाले. थोरल्या पातीची राजधानी मिरज, धाकट्या पातीची बुधगाव. सांगली ते मिरज अंतर सहा मैलांचे आणि सांगली ते बुधगाव चार-पाच मैलांचे. एवढ्यात तीन राजधान्या! एका सकाळी पायी निघालेला मनुष्य दुपारपर्यंत तीन संस्थानांतून हिंडून येई. प्रत्येकाचे कोर्ट वेगळे, फौजदार वेगळा, शाळाखाते वेगळे, स्टांपाचा कागदही वेगळा. बरे, एका संस्थानाचा मुलूख तरी सलग असावा, तर तसेही नाही. सांगली संस्थानाची ठाणी एकीकडे मंगळवेढ्यास, दुसरीकडे तेरदाळास, तिसरीकडे बेळगावजवळच्या शहापुरास आणि चौथे थेट धारवाडकडील शिरहट्टीस पसरलेली होती.

औंध संस्थान त्याहून लहान, अवघ्या बहात्तर गावांचे. औंध गाव खटाव तालुक्याच्या कुशीत, आटपाडी महाल माणदेशात, कुंडल कृष्णाकाठच्या बाजूला. पण या चिमुकल्या संस्थानाने कर्तबगारी मोठी केली. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांना कारखान्यासाठी कुंडलजवळचा ओसाड माळ मिळाला तो औंधच्या राजेसाहेबांकडून. तेथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. १९३९ साली भवानराव पंतप्रतिनिधींनी महात्मा गांधींच्या सल्ल्याने आपल्या प्रजेला स्वराज्याची घटना दिली आणि ग्रामपंचायतींच्या हाती कारभार सोपविला. आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची कैद्यांची मुक्त वसाहत निघाली. व्ही. शांताराम यांच्या ‘दो आँखें बारह हाथ’ या १९५७ सालच्या बोलपटाची कल्पना याच प्रयोगावरून घेतलेली आहे. तेव्हा माझ्या नातीच्या पणजोबांच्या कागदावर ‘संस्थान औंध’ असे लिहिलेले आहे, ते शरमेचे नसून अभिमानाचे अक्षर आहे, हे मी तिला प्रथम सांगितले.

सीमा न मानणारी चळवळ

संस्थानांच्या या ठिगळांनी एक अनपेक्षित काम केले. १९४२ च्या ‘चले जाव’ लढ्यात सातारा जिल्हा पेटून उठला. ३ सप्टेंबरला तासगावच्या कचेरीवर मोर्चा गेला. ९ सप्टेंबरला वडूज येथे व १० सप्टेंबरला इस्लामपूर येथे मोर्चांवर गोळीबार होऊन माणसे हुतात्मा झाली. त्यानंतर क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली प्रतिसरकार उभे राहिले. भूमिगत कार्यकर्ते इंग्रजी मुलखात काम करीत आणि पोलिसांचा ससेमिरा लागला की ओढा ओलांडून औंधच्या हद्दीत जात. तेथे इंग्रजी पोलिसांस परभारे हात घालता येत नसे. ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ आगगाडी अडविण्यात आली. त्याच वर्षी २४ जुलै रोजी वसंतदादा पाटील व त्यांचे सोबती सांगलीचा तुरुंग फोडून बाहेर पडले.

येथे नावाचा मुद्दा ध्यानात घ्यावा. इतिहास या प्रतिसरकारास ‘साताऱ्याचे प्रतिसरकार’ म्हणतो. पण नाना पाटलांचे येडे मच्छिंद्र, नागनाथअण्णा नायकवडींचे वाळवा आणि जी. डी. बापू लाड यांचे कुंडल, ही सारी गावे आज सांगली जिल्ह्यात आहेत. चळवळीने ज्याला सातारा म्हटले तो अकरा तालुक्यांचा जुना सातारा होय. हे न कळल्यामुळे आजचे विद्यार्थी कुंडल नकाशावर साताऱ्याच्या बाजूस शोधतात आणि न सापडल्याने पुस्तक चुकले असे समजतात.

विलीनीकरण व विभागणी

स्वातंत्र्यानंतर दक्षिण महाराष्ट्रातील संस्थाने ८ मार्च १९४८ रोजी मुंबई प्रांतात विलीन झाली. सांगलीचे दूरदूरचे तुकडे ज्याच्या त्याच्या शेजारच्या जिल्ह्यात गेले : मंगळवेढे सोलापुरात, तेरदाळ विजापुरात, शहापूर बेळगावात, शिरहट्टी धारवाडात. उरलेला संस्थानी मुलूख आणि जुना सातारा यांची नवी मांडणी करणे प्राप्त होते. एवढा विस्तार एका कलेक्टराच्या आवाक्याबाहेरचा होता. म्हणून १ ऑगस्ट १९४९ रोजी उत्तर सातारा व दक्षिण सातारा असे दोन जिल्हे करण्यात आले.

दक्षिण साताऱ्यात जुन्या जिल्ह्यातून खानापूर, तासगाव, वाळवा व शिराळा हे भाग आले. संस्थानांकडून मिरज, सांगली, बुधगाव, जत व औंधपैकी आटपाडी-कुंडलकडील मुलूख आला. मुख्य ठाणे सांगली येथे झाले. उत्तर साताऱ्यात सातारा, कऱ्हाड, पाटण, वाई, जावळी, कोरेगाव, खटाव, माण हे तालुके राहिले व फलटण संस्थान त्यांना येऊन मिळाले. औंध गाव उत्तरेत राहिले आणि त्याचा आटपाडी महाल दक्षिणेत गेला. एका राजाची प्रजा दोन जिल्ह्यांत वाटली गेली.

हे ‘दक्षिण सातारा’ नाव सव्वाअकरा वर्षे टिकले. या अल्पकाळात त्याने तीन राज्ये पाहिली : प्रथम जुना मुंबई इलाखा, १ नोव्हेंबर १९५६ पासून द्वैभाषिक मुंबई राज्य आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्र. या नावाने लोकसभेचा मतदारसंघ झाला. शाळांचे शिक्के, दस्तऐवज, जमिनीचे उतारे, सारे या नावाने निघाले. अखेर २१ नोव्हेंबर १९६० रोजी जिल्ह्याचे नाव मुख्य ठाण्यावरून सांगली असे ठरले आणि उत्तर सातारा पुन्हा नुसता सातारा झाला.

तालुक्यांचे स्थलांतर पुढेही चालू राहिले. १९६५ साली आटपाडी व कवठे महांकाळ हे तालुके झाले, १९९९ साली पलूस व २००२ साली कडेगाव. आज सांगली जिल्ह्यात दहा व सातारा जिल्ह्यात अकरा तालुके आहेत.

या फेरफारांचे उत्तम उदाहरण म्हणून यशवंतराव चव्हाण यांचे जन्मगाव घ्यावे. १२ मार्च १९१३ रोजी देवराष्ट्रे येथे ते जन्मले. तेव्हा ते गाव खानापूर तालुक्यात, सातारा जिल्ह्यात होते. १९४९ साली ते दक्षिण साताऱ्यात गेले, १९६० साली सांगलीत आले आणि २००२ नंतर कडेगाव तालुक्यात मोडू लागले. यशवंतराव वाढले कऱ्हाडास, तेच त्यांचे घर. म्हणजे जन्म एका जिल्ह्यातला व घर दुसऱ्या. आणि दक्षिण सातारा हे नाव गेले तेव्हा राज्याचे मुख्यमंत्री होते ते स्वतः यशवंतराव! कर्मवीर भाऊराव पाटलांचेही तसेच. जन्म कोल्हापुराकडील कुंभोजचा, घर वाळवे तालुक्यातील ऐतवडे बुद्रुकचे, रयत शिक्षण संस्थेची स्थापना १९१९ साली कऱ्हाड तालुक्यातील काले गावी आणि पुढे संस्थेचे ठाणे साताऱ्यास. असा मनुष्य कोणत्या जिल्ह्याचा म्हणावा? कार्य मोठे असले की जिल्हा कोणी विचारत नाही. सामान्य माणसाला मात्र तो पदोपदी विचारला जातो.

वस्तीचा विचार

१९६१ च्या जनगणनेत सातारा जिल्ह्याची वस्ती चौदा लाखांवर व सांगली जिल्ह्याची बारा लाखांवर भरली. २०११ साली सातारा ३०,०३,७४१ व सांगली २८,२२,१४३. दोन्ही मिळून अठ्ठावन्न लाखांवर लोक. १९०१ च्या जिल्ह्यापेक्षा हा मुलूख मोठा आहे हे खरे. तरीही वाढ लक्षात येण्याजोगी आहे. सांगली, मिरज व कुपवाड मिळून १९९८ साली महानगरपालिका झाली. एकेकाळी ज्या दोन राजधान्यांत दोन फौजदार होते तेथे आता एक महापौर आहे.

दुसरी एक गोष्ट आकड्यांतून दिसते. १९९१ च्या जनगणनेत सातारा जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे १,०२९ स्त्रिया होत्या. याचा अर्थ पुरुष बाहेरगावी गेले होते. मुंबईच्या गिरण्यांत, गोदीत, पलटणीत. मनिऑर्डरीवर चालणारी घरे आणि ती सांभाळणाऱ्या बायका असे या मुलखाचे चित्र होते. आपल्या समाजातल्या कित्येक आज्यांनी नवरा मुंबईस असता हातशिलाईच्या चोळ्या, कुंच्या व टोपडी शिवून मुले वाढविली. त्यांची नोंद कोणत्याही खानेसुमारीत नाही. २०११ साली हे प्रमाण ९८८ वर आले. त्यात गिरण्या बंद पडून माणसे परतल्याचा भाग असेल, तसाच मुलींच्या घटत्या जन्माचाही आहे, आणि तो भाग लज्जास्पद आहे.

आपल्या समाजाची या जिल्ह्यांत संख्या किती? हा प्रश्न आपल्या मंडळाच्या सभेत दर वर्षी निघतो. इंग्रजी अमलात १९३१ पर्यंत खानेसुमारीत जातवार आकडे प्रसिद्ध होत. स्वातंत्र्यानंतर १९५१ पासून अनुसूचित जाती-जमाती सोडून इतर जातींची गणना झाली नाही. दक्षिण सातारा जिल्हा जन्मला १९४९ साली आणि गेला १९६० साली. त्याच्या हयातीत एकच जनगणना झाली, ती १९५१ ची. तेव्हा दक्षिण साताऱ्यात शिंपी किती होते हे कोणत्याही सरकारी पुस्तकात मिळावयाचे नाही. एप्रिल २०२५ मध्ये केंद्र सरकारने आगामी जनगणनेत जातवार नोंद घेण्याचे ठरविले आहे. पण ती आजची गणती होईल. मागची आपली आपणच करावी लागेल.

जुने कागद व आपले कर्तव्य

इतर मागासवर्गीयांना जातपडताळणीत १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. म्हणजे जो कागद मोलाचा, तो नेमका त्या काळातला ज्या काळात नावे तीनदा पालटली. यास्तव बांधवांनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

कागदावरचे साल प्रथम पाहावे व मगच जिल्हा वाचावा. आजच्या सांगली जिल्ह्यातील विटा, तासगाव, इस्लामपूर, शिराळा येथील १९४९ पूर्वीचा कागद ‘जि. सातारा’ असा असेल. मिरज, जत, बुधगाव, आटपाडी येथील १९४८ पूर्वीचा कागद संस्थानाच्या नावाने असेल, त्यावर जिल्हा नसेलच. १ ऑगस्ट १९४९ ते २१ नोव्हेंबर १९६० पर्यंत ‘दक्षिण सातारा’ किंवा नुसते ‘द. सातारा’ येईल, आणि जुना शिक्का संपेपर्यंत काही ठिकाणी त्यानंतरही तो उमटलेला असेल. शाळेचे जनरल रजिस्टर, कोतवाल बुकातील जन्ममृत्यूच्या नोंदी, जमिनीचे जुने फेरफार हे तीन मुख्य आधार होत. पुष्कळ नोंदी मोडीत आहेत. मोडी वाचणारा एक तरी तरुण प्रत्येक तालुक्यात तयार झाला पाहिजे. नदीकाठच्या घरांनी विशेष सावध असावे. २००५, २०१९ व २०२१ च्या महापुरांत ज्या पेट्या बुडाल्या त्यांत भांडीकुंडी होती, तसेच खापरपणजोबांच्या अस्तित्वाचे एकमेव कागदही होते.

नातीचे पुढे काय झाले ते सांगून लेख संपवितो. मी तिला दोन पानांचे एक टिपण करून दिले. डावीकडे सन, उजवीकडे त्या सनात आटपाडी कोणाच्या अमलात होती ते. तिने ते अर्जास जोडले. वरिष्ठ अधिकाऱ्यांनी ते वाचले, मान्य केले आणि दाखला दिला. परंतु तोवर त्या वर्षाची प्रवेशाची मुदत टळून गेली होती. मुलगी एक वर्ष घरी बसली. त्या कारकुनाचा मला राग नाही. त्याला ही हकीकत कोणी शिकविली नव्हती. ती शिकविण्याचे काम ज्यांचे होते त्यांत मी स्वतः होतो. तीसएक वर्षे मी फळ्यावर सांगली जिल्ह्याचा नकाशा काढला, त्याच्या सीमा मुलांकडून पाठ करवून घेतल्या, आणि या सीमा कालपरवाच्या आहेत हे एकदाही सांगितले नाही. माझा जन्म सांगली हे नाव पडल्यानंतरचा. वडील शेवटपर्यंत ‘आम्ही साताऱ्याकडचे’ म्हणत. त्यांना मी मनातून चुकीचे समजत असे. चूक त्यांची नव्हती.

म्हणून मंडळाच्या पदाधिकाऱ्यांस विनंती आहे की, पुढील वर्षी केवळ वधूवर सूची न काढता गाववार घराण्यांची एक वही करावी. प्रत्येक घराण्यापुढे मूळ गाव, जुना अंमल, जुना तालुका, आजचा तालुका आणि उपलब्ध सर्वांत जुना कागद कोणत्या सालचा आहे, एवढी पाच घरे भरावीत. सातारा व सांगली या दोन्ही जिल्ह्यांच्या बांधवांनी ही वही एकत्र करावी; आपली सोयरीक तर आजही दोन्हीकडे आहे. आटपाडी महालाच्या यादीचा आरंभ मी केला असून सत्तेचाळीस घरे लिहून झाली आहेत. उरलेली सांगणारी वृद्ध मंडळी आहेत तोवर लिहून घेतली पाहिजेत.

श्रीसंत नामदेव महाराजांच्या चरणी हे लेखन अर्पण असो.